पॉट तीनदा बदलला, तरी फेज तेवढीच: डिले आणि फेज मोजताना वारंवार येणारी अडचण

गणपतीच्या आधीचे दोन महिने माझ्या बेंचवर साउंडवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची रांग असते. गेल्या हंगामात त्यातला एक चिठ्ठी चिकटवूनच आला. चिठ्ठीवर आधीच्या मेकॅनिकच्या अक्षरात लिहिलेलं: "दोन्ही बाजूंचा बेस सारखा लागत नाही. व्हॉल्यूम मध्यावर असताना पॉटवर १० किलोहर्ट्झला फेज ११ डिग्री मागे. व्हॉल्यूम फुल केला की बरोबर. पॉट तीनदा बदलला, फरक नाही."

चिठ्ठी वाचून मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावतो, वारंवारता लिहितो, व्हॉल्यूम कुठे होता तेही लिहितो. एवढी नोंद ठेवणारे थोडे. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. पण ते ११ अंश पॉटमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टन्समध्ये नव्हते, त्याच्या प्रोबमध्ये, म्हणजे सर्किटवरून स्कोपकडे जाणाऱ्या मोजणीच्या तारेत होते. आणि बेसची खरी भानगड ५० हर्ट्झला बसली होती, तिथे त्याने पाहिलंच नव्हतं.

तोच अ‍ॅम्प्लिफायर, तीच वारंवारता, तरी सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी दुसरा, ही तक्रार मला रिपेअरवाल्यांकडून, डिप्लोमाच्या मुलांकडून, प्रोसेसर बसवणाऱ्यांकडून सतत ऐकू येते. मी ती कशी शोधतो ते इथे लिहितो. आधी आपली मोजणी तपासायची, मग यंत्र. हा क्रम उलटा झाला की चांगले पार्ट कचऱ्यात जातात.

आधी हिशेब

शाळेच्या पुस्तकात याला कला आणि कलांतर म्हणतात, बेंचवर आपण फेजच म्हणतो: एक लहर दुसरीच्या किती मागे किंवा पुढे, पूर्ण लहरीचे ३६० अंश धरून. स्कोपवर प्रत्यक्षात दिसतो तो वेळेचा फरक. त्याचे अंश असे होतात: फेज = ३६० × वारंवारता × वेळेचा फरक.

१ मायक्रोसेकंदाचा उशीर १ किलोहर्ट्झला ०.३६ अंश, १० किलोहर्ट्झला ३.६ अंश आणि २० किलोहर्ट्झला ७.२ अंश होतो. उशीर तोच, अंश वेगळे. म्हणून "फेज ११ अंश" एवढंच कुणी सांगितलं तर मी पुढचा प्रश्न विचारतो, किती हर्ट्झला? चिठ्ठीवर ते होतं, म्हणून लगेच कळलं की १० किलोहर्ट्झला ११ अंश म्हणजे साधारण ३ मायक्रोसेकंद. या ३ मायक्रोसेकंदांनीच पुढचा माग दाखवला.

दोन्ही प्रोब एकाच जागी

अ‍ॅम्प्लिफायरला हात लावण्याआधी स्कोपच्या दोन्ही चॅनलचे प्रोब सिग्नल जनरेटरच्या एकाच आउटपुटवर लावा आणि ज्या वारंवारतेला मोजायचं आहे त्याच वारंवारतेला फरक बघा. शून्यच यायला हवा. जेवढा येईल तेवढी तुमच्या मांडणीची चूक. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि मी ती रोज करतो, कालच केली असली तरी.

शून्य येत नसेल तर कारण बहुतेक वेळा पुढच्यापैकी असतं.

एका प्रोबवरचं सरकतं बटण १एक्सवर आणि दुसऱ्याचं १०एक्सवर (१०एक्सला प्रोब सिग्नल दहापट कमी करतो आणि सर्किटवर भारही कमी टाकतो); याचा फरक मेगाहर्ट्झच्या कामात दिसतो. हे बटण इतकं हलकं असतं की प्रोब गुंडाळून ठेवताना आपोआप सरकतं. नाहीतर दोन्ही १०एक्सवर आहेत, पण एकाचं कॉम्पेन्सेशन जुळवलेलं नाही. स्कोपच्या पुढच्या पट्टीवर १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचं टोक असतं, त्यावर प्रोब लावून बारीक पेचकसाने स्क्रू फिरवायचा आणि चौकोनाचा कोपरा गोल किंवा टोकदार न राहता काटकोनी करायचा. प्रोब एका चॅनलवरून दुसऱ्या चॅनलवर नेला की हे पुन्हा करायचं, कारण दोन्ही चॅनलची इनपुट कपॅसिटी तंतोतंत सारखी नसते.

एक चॅनल एसी कपलिंगवर (स्थिर व्होल्टेज अडवणारं), दुसरा डीसीवर (सगळं येऊ देणारं). १० किलोहर्ट्झला याने काहीच बिघडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. पण एसी कपलिंगची कापण्याची जागा, म्हणजे जिच्या खाली सिग्नल कमी होत जातो ती वारंवारता, ५ हर्ट्झ धरली तर ५० हर्ट्झला ५.७ अंशांचा खोटा फरक तयार होतो. बेस तपासताना दोन्ही चॅनल डीसीवर ठेवा.

तिसरं कारण जुन्या अ‍ॅनलॉग स्कोपचं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांत असे स्कोप अजून भरपूर आहेत. ट्रिगर म्हणजे स्कोप लहर काढायला सुरुवात करतो तो क्षण. त्याचा सोर्स "व्हर्ट" किंवा "व्हर्टिकल मोड"वर असेल आणि चॅनल आल्टरनेटमध्ये (एकदा एक, एकदा दुसरा) असतील, तर प्रत्येक चॅनल स्वतःच्याच लहरीवर ट्रिगर होतो. दोन्ही लहरी पडद्यावर एकाच जागी सुरू होतात आणि मधला उशीर गायब होतो. मग ९० अंशांचा फरकसुद्धा शून्य दिसतो. इथे वरची चाचणी फसवते, कारण ती शून्यच दाखवते. म्हणून ट्रिगरचा सोर्स कायम चॅनल एकवर ठेवायचा, तोही इनपुटच्या बाजूचा. ऑडिओसाठी चॉप मोड (दोन्ही चॅनल एकाच फेरीत तुकड्यातुकड्याने काढणारा) वापरला तर आणखी सुरक्षित.

केबलच्या लांबीबद्दल फार विचारलं जातं. साध्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. २० किलोहर्ट्झला एक मीटरचा फरक म्हणजे ०.०३६ अंश. ऑडिओवाल्यांनी त्याच्यावर वेळ घालवू नये. १० मेगाहर्ट्झला मात्र तोच एक मीटर १८ अंश होतो. आरएफचं (रेडिओ वारंवारतांचं) काम करणाऱ्यांनी दोन्ही केबल एकाच मापाच्या कापाव्यात आणि स्कोपमध्ये डेस्क्यू (चॅनलमधला वेळेचा फरक जुळवण्याची सोय) असेल तर उरलेला फरक तिथे काढावा.

शून्य आलं, तरी पॉटवर ११ अंश का?

चिठ्ठीतल्या प्रकरणाकडे येतो. आमच्याकडे डिप्लोमा करून शिकायला येणारा मुलगा बेंचवर होता. त्याने दोन्ही प्रोब जनरेटरवर लावले, शून्य आलं. मग एक प्रोब इनपुट जॅकवर, दुसरा पॉटच्या मधल्या पायावर. पुढच्या स्टेजची वायर काढून ठेवली. १० किलोहर्ट्झ, व्हॉल्यूम मध्यावर. अकरा अंश मागे.

"काका, पॉट खरंच खराब आहे," तो म्हणाला.

पॉट १०० केचा, म्हणजे १०० किलोओहमचा. मध्यावर असताना वर ५० के आणि खाली ५० के, म्हणजे मधल्या पायावरून बघितलं तर २५ केचा रेझिस्टन्स. दोन्ही प्रोब १एक्सवर होते. १एक्सच्या प्रोबची केबल आणि स्कोपचं इनपुट मिळून १२० पिकोफॅरड धरा. २५ के गुणिले १२० पिकोफॅरड, बरोबर ३ मायक्रोसेकंद. म्हणजे प्रोबने स्वतःच एक लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) तयार केला होता, आणि १० किलोहर्ट्झला तो १०.७ अंश मागे पाडतो. २० किलोहर्ट्झला गेलात तर २०.७. व्हॉल्यूम फुल केला की मधला पाय थेट जनरेटरशी जोडला जातो, २५ के उरत नाही, फेज बरोबर होते. पॉट बिघडल्याचं याहून पटणारं लक्षण दुसरं कुठलं असेल? त्या मेकॅनिकच्या जागी कुणीही पॉटच बदलला असता.

जनरेटरवर शून्य का आलं, तेही यातच आहे. जनरेटरचा आउटपुट ५० ओहमचा. ५० ओहमला १२० पिकोफॅरड म्हणजे ६ नॅनोसेकंद, १० किलोहर्ट्झला ते दिसणारच नाहीत, आणि दोन्ही प्रोब एकाच जागी असल्याने जो उशीर होईल तो दोघांना सारखाच. म्हणून एका जागी दोन प्रोब ही चाचणी लागते खरी, पण पुरत नाही. प्रोबचा भार ओळखायला दुसरी युक्ती आहे. ज्या पायावर मोजताय तिथेच आणखी एक प्रोब नुसता टेकवा, त्याचं दुसरं टोक स्कोपच्या रिकाम्या चॅनलला असलं म्हणजे झालं. आधीचा आकडा हलला तर समजा की तुम्ही सर्किट मोजत नाही, प्रोब मोजताय. आमच्याकडे तिसरा प्रोब टेकवल्याबरोबर ११ चे जवळजवळ २१ झाले. मुलगा काही न बोलता प्रोबकडे बघत राहिला आणि मग त्यानेच बटण १०एक्सवर सरकवलं. १०एक्सला प्रोबची कपॅसिटी १५ पिकोफॅरडच्या आसपास येते. आकडा १.४ वर आला.

तीन पॉट गेले, आणि त्यातला एकही खराब नव्हता.

रेफरन्स कुठून घ्यायचा

जनरेटरला बहुतेक वेळा सिंकचा, म्हणजे ट्रिगरसाठीचा, वेगळा आउटपुट असतो. चौकोनी, स्वच्छ लहर मिळते म्हणून बरेच जण तीच रेफरन्स धरतात. सिंक आणि मुख्य आउटपुट यांच्यात जनरेटरचा स्वतःचा उशीर असतो आणि तो वारंवारतेप्रमाणे बदलू शकतो. रेफरन्स घ्यायचा तो ज्याची तपासणी चालू आहे त्या यंत्राच्या इनपुटच्या पिनवरून. सिंक ट्रिगरला जरूर द्या, मोजणीला नाही.

आउटपुटच्या बाजूला एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, ग्राउंड कुठलंच नसतं. प्रोबची काळी क्लिप आतून स्कोपच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती तिथे लावली की अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट अर्थला शॉर्ट होतं. यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. असं अजिबात करू नका, मग स्कोपच्या धातूच्या प्रत्येक भागावर तो व्होल्टेज येतो. दोन टर्मिनलना दोन प्रोब लावा, काळ्या क्लिपा दोन्ही चासीला, आणि स्कोपच्या गणितात एकातून दुसरा वजा करा. दोनच चॅनल असतील तर सिंक एक्स्टर्नल ट्रिगरला देऊन आधी इनपुटची लहर सेव्ह करा, मग प्रोब आउटपुटला न्या. ट्रिगर हलला नाही तर वेळेचा आरंभबिंदूही हलत नाही.

डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टन्स) लावल्याशिवाय घेतलेलं रीडिंग मी धरत नाही. क्लास डीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर नाहीच. तिथे आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. २२ मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा साधा एकेरी फिल्टर घ्या. ८ ओहमच्या लोडवर २० किलोहर्ट्झला तो २४ अंश मागे पाडतो, ४ ओहमवर ४२ अंश. यंत्र तेच, फक्त लोड बदलला. फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणाऱ्या डिझाइनमध्ये हा फरक कमी दिसतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना किती ओहमवर मोजलं हे लिहिलेलं नसेल तर त्या तुलनेला अर्थ नाही.

स्कोप शून्य दाखवतो आणि उशीर तर आहे

आता उलटी अडचण. डिजिटल प्रोसेसर बसवणाऱ्या एकाने मला फोनवर सांगितलं, "१ किलोहर्ट्झला फेज शून्य आहे, म्हणजे प्रोसेसरला डिलेच नाही." मी त्याला १.१ किलोहर्ट्झला बघायला सांगितलं. आकडा ७२ अंशांवर गेला.

त्या प्रोसेसरचा उशीर २ मिलिसेकंद होता. १ किलोहर्ट्झची एक लहर १ मिलिसेकंदाची, म्हणजे उशीर बरोबर दोन पूर्ण लहरींचा, ७२० अंशांचा. पूर्ण चकरा स्कोपला दिसत नाहीत, त्याला फक्त उरलेले अंश दिसतात, आणि इथे उरलेलं शून्य. सतत चालणाऱ्या साइन लहरीवर हे कधीच कळणार नाही, कारण सगळ्या लहरी एकसारख्या दिसतात.

दोन मार्ग आहेत. पहिला बर्स्टचा. जनरेटरवर पाचसहा लहरींचा बर्स्ट, म्हणजे तेवढाच तुकडा, लावा, मध्ये भरपूर मोकळी जागा ठेवा, स्कोप सिंगल ट्रिगरवर. इनपुटचा बर्स्ट कुठे सुरू झाला आणि आउटपुटचा कुठे, ते थेट दिसतं. दुसरा मार्ग दोन जवळच्या वारंवारतांचा. १००० हर्ट्झला शून्य आणि १०१० हर्ट्झला ७.२ अंश मागे. फरक ७.२, भागिले ३६० गुणिले १०, उत्तर ०.००२ सेकंद. हा ग्रुप डिले, म्हणजे लहरींच्या वरच्या आवरणाला होणारा उशीर. दोन वारंवारतांमधलं अंतर फार लहान घेतलं तर आकडा नॉइजमध्ये बुडतो, फार मोठं घेतलं तर पुन्हा चक्कर चुकते. २ मिलिसेकंदांच्या आसपास उशीर असेल तर अंतर २५० हर्ट्झच्या आत ठेवा, म्हणजे फरक अर्ध्या चकरेपेक्षा कमी राहतो.

ही कल्पना जुनी आहे. १९३० साली अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी ब्रँड या सहकाऱ्याबरोबर फेजचं डिस्टॉर्शन मोजण्यावर लेख लिहिला. वाहक लहरीवर मंद लहर चढवायची आणि त्या मंद लहरीची, म्हणजे वरच्या आवरणाची, फेज किती सरकली ते बघायचं, ही त्यातली रीत. लांब तारांवर चकरा मोजता येत नाहीत, आवरण मोजता येतं. आपण दोन जवळच्या वारंवारता घेतो तेव्हा तेच करत असतो.

डिजिटल यंत्रात उशीर कुठून येतो याचा अंदाज ठेवला तर चुकीचा आकडा लगेच खटकतो. ४८ किलोहर्ट्झला एक सँपल २०.८ मायक्रोसेकंदांचा. १०२४ टॅपचा (लागोपाठच्या १०२४ सँपलवर चालणारा) लिनिअर फेज एफआयआर हा डिजिटल फिल्टर ५११.५ सँपल मागे पाडतो, म्हणजे १०.७ मिलिसेकंद. साउंडच्या भाषेत सांगायचं तर २० अंश सेल्सियसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. २ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ६९ सेंटिमीटर, आणि हा १०.७ मिलिसेकंदांचा फिल्टर टॉपच्या (बेसच्या वरचा आवाज काढणाऱ्या) पेट्या साडेतीन मीटरहून जास्त मागे सरकवल्यासारखा. सबच्या अ‍ॅम्प्लिफायरला प्रोसेसर नाही आणि टॉपला आहे, अशा जोडणीत १०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरवर, म्हणजे बेसची सब पेटी आणि टॉप जिथे आवाज वाटून घेतात तिथे, २ मिलिसेकंदांचे ७२ अंश होतात. दोन सारखे सिग्नल जुळून ६ डीबी वाढायला हवेत, तिथे सव्वाचारच्या आत वाढतात.

साउंड कार्डने मोजणाऱ्यांसाठी एवढंच: एक चॅनल अ‍ॅम्प्लिफायरमधून, दुसरा चॅनल थेट केबलने आउटपुटमधून इनपुटला परत. रूम ईक्यू विझार्डसारख्या प्रोग्रॅममध्ये हा दुसरा चॅनल वेळेचा रेफरन्स म्हणून निवडता येतो. तो नसेल तर कॉम्प्युटरचा स्वतःचा बफर प्रत्येक वेळी वेगळा उशीर घालतो आणि तुम्ही तोच मोजत बसता. आणि अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट थेट कार्डात देऊ नका. ८ ओहमवर ५०० वॉट म्हणजे ६३ व्होल्ट. मध्ये १०० पट कमी करणारा डिव्हायडर हवाच.

उशीर, उलटी तार आणि खरं डिस्टॉर्शन

मोजणी स्वच्छ झाली, आकडा खरा आहे. आता तो कशाचा, हे एका वारंवारतेवर कधीच कळत नाही. निदान चारपाच ठिकाणी मोजा आणि प्रत्येक ठिकाणी अंश आणि मायक्रोसेकंद दोन्ही लिहा.

वारंवारता दुप्पट केली की अंश दुप्पट होतात आणि मायक्रोसेकंद तेवढेच राहतात, तर तो निव्वळ उशीर. लहरीचा आकार बिघडत नाही, फक्त उशिरा येतो. अंश सगळीकडे १८० आणि वारंवारतेशी काही संबंध नाही, तर तार उलटी आहे किंवा स्टेज इन्व्हर्टिंग आहे. एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये आज दोन नंबरची पिन हॉट धरतात, जुन्या काही यंत्रांत तीन नंबरची हॉट असते, तिथे हे हमखास होतं. १०० हर्ट्झला उलटी तार आणि ५ मिलिसेकंदांचा उशीर साइन लहरीवर अगदी सारखे दिसतात, म्हणून मैदानावर फेजचं बटण दाबून "जमलं" म्हणणारे पुढच्या वारंवारतेला अडकतात.

आणि मायक्रोसेकंदच वारंवारतेप्रमाणे बदलत असतील तर ते फेज डिस्टॉर्शन. साध्या आरसी (एक रेझिस्टन्स, एक कपॅसिटर) फिल्टरवर करून बघा. दीड किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, गुणाकार १५ मायक्रोसेकंद, कापण्याची जागा १०.६ किलोहर्ट्झ. खालच्या वारंवारतांना उशीर १५ मायक्रोसेकंद. १०.६ किलोहर्ट्झला फेज ४५ अंश, त्यावरून काढलेला उशीर ११.८ मायक्रोसेकंद. तिथेच दोन जवळच्या वारंवारतांनी काढलेला ग्रुप डिले ७.५. एका रेझिस्टन्सचे आणि एका कपॅसिटरचे उशिराचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर. दोन माणसं वेगळे आकडे घेऊन भांडत असतील तर आधी विचारा, कुठला उशीर मोजलात?

फेज म्हणजे चित्राचा रंग, हे जुन्या टीव्ही मेकॅनिकना माहीत आहे. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रसारण आलं ते पाल पद्धतीचं. रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीच्या फेजमध्ये बसवलेला. प्रत्येक दुसऱ्या ओळीला रंगाच्या एका घटकाची फेज उलटवायची आणि लगतच्या दोन ओळींची सरासरी काढायची, म्हणजे वाटेत झालेली फेजची चूक आपोआप कटते. त्यासाठी टीव्हीत काचेची डिले लाइन असायची, ६३.९४३ मायक्रोसेकंदांची. ६४ नाही, कारण त्या लहरीच्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांत ती नेमकी बसायला हवी. ती काच हातात घेतलेल्या माणसाला उशीर आणि फेज यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही.

लिसाजू आकृतीने, म्हणजे एक लहर आडवी आणि दुसरी उभी देऊन उमटणाऱ्या लंबगोलावरून मोजणाऱ्यांना काही सूचना. ९० अंशांच्या आसपास ही पद्धत आंधळी होते. लंबगोलावरून काढलेलं गुणोत्तर, म्हणजे फेजचा साइन, १ ऐवजी ०.९८ वाचलं तरी ९० चे ७८.५ होतात, आणि पडद्यावर एवढी वाचनाची चूक सहज होते. शिवाय फेज पुढे आहे की मागे हे आकृती सांगत नाही. अ‍ॅनलॉग स्कोपच्या एक्स बाजूची बँडविड्थही वायपेक्षा कमी असते. २० मेगाहर्ट्झच्या स्कोपच्या माहितीपत्रकात एक्स-वायसाठी ५० किलोहर्ट्झपर्यंत ३ अंशांचा फरक मान्य केलेला दिसेल. मला लिसाजू शून्य आणि १८० ओळखायला आवडते, मधल्या आकड्यांसाठी नाही.

मग बेसचं काय झालं

पॉट सोडून आम्ही खाली ५० हर्ट्झला आलो. दोन्ही चॅनल डीसीवर, ८ ओहमचा लोड. उजव्या बाजूला आउटपुट इनपुटपेक्षा २ अंश पुढे. डाव्या बाजूला १८ अंश पुढे.

"पुढे?" मुलाने विचारलं. "काका, आउटपुट इनपुटच्या आधी कसं येईल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी जनरेटर बर्स्टवर टाकला. पहिली लहर सुरू होते तिथे दोन्ही एकत्रच निघतात, आउटपुट क्षणभरही आधी नाही. पण पहिल्या लहरीचं शिखर आउटपुटला जरा लवकर येतं, पुढच्या लहरींत हा फरक स्थिरावतो आणि मग सतत चालणारी लहर बघणाऱ्याला आउटपुट पुढे दिसतं. कपलिंग कपॅसिटर भरत जातो आणि शिखर गाठायच्या आतच उतार सुरू करतो, एवढंच. त्या १८ अंशांचा "वजा उशीर" काढून प्रोसेसरमध्ये भरायला गेलात तर काहीच जुळणार नाही.

मग ५० हर्ट्झची चौकोनी लहर दिली. उजव्या बाजूचं छप्पर जवळजवळ सपाट. डाव्याचं छप्पर असं उतरलं की अर्ध्याहून जास्त उंची गेली. इथे पुन्हा सांगतो, स्कोप एसी कपलिंगवर असता तर निरोगी बाजूचंही छप्पर पाव उंचीने उतरलेलं दिसलं असतं आणि दोष दोन्हीकडे वाटला असता.

इनपुटचा कपलिंग कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, पुढे २२ किलोओहमचा रेझिस्टन्स. काढून मीटरवर धरला, ०.४७ मायक्रोफॅरड. हीटसिंकला अगदी चिकटून बसवलेला होता, उन्हाळे काढून सुकला. १० मायक्रोफॅरडला ५० हर्ट्झवर फेज ०.८ अंश पुढे असते, ०.४७ ला १७.१. दोन चॅनलमधला १६ अंशांचा फरक इथे पूर्ण सापडला. आणि पातळी? ५० हर्ट्झला फक्त ०.४ डीबी कमी. मल्टिमीटरने दोन्ही बाजू तपासणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. मला फेजची मोजणी आवडते ती यासाठी. पातळी हलायच्या कितीतरी आधी फेज हलते.

दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, १०५ डिग्री तापमान सोसणारे घातले आणि हीटसिंकपासून लांब वाकवून बसवले. दोन्हीकडे २ अंश आले. मुलाने छप्पर पुन्हा पाहिलं, डावं आणि उजवं एकमेकांवर ठेवून.

चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. त्या मेकॅनिकसाठी तिथे लिहून पाठवलं: "पॉट चांगला आहे. जॅक ते मधला पाय, १० किलोहर्ट्झ, व्हॉल्यूम मध्यावर, प्रोब १०एक्स: १.४ अंश. प्रोब १एक्स: १०.७. डावा इनपुट कपॅसिटर सुकला होता, ५० हर्ट्झला १८ अंश पुढे, बदलल्यावर २. लोड ८ ओहम, दोन्ही चॅनल डीसीवर. तुमचे काढलेले पॉट टाकले नसतील तर ठेवा, चांगले असणार."